भावाला माफ न करताही त्याचा स्वीकार करता येतो का?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे उत्तर नेमके कशाला आहे हे स्पष्ट राहील. तुम्ही साताऱ्यात माध्यमिक शाळेत शिकवता. वडिलांना पक्षाघाताचा झटका आल्यापासून ते तुमच्याकडे आहेत आणि त्यांचे अंग पुसण्यापासून व्यायाम करून घेण्यापर्यंत सारे तुम्ही आणि तुमचे यजमान पाहता. धाकटा भाऊ पुण्यात नोकरी करतो. तो फोनवर ‘ताई, काही लागले तर सांग’ म्हणतो, पण येत नाही. तो स्वार्थी आहे, असे तुमचे ठाम मत झाले आहे. तुम्ही लिहिण्याचे कारण मात्र एवढेच नाही. हा निवाडा आता भावापुरता उरलेला नसून स्टाफरूममधले सहकारी, पालकसभेला उशिरा येणारे पालक, लग्नात भपका करणारे नातेवाईक, जावेची घर आवरण्याची रीत, अशा समोर येणाऱ्या प्रत्येकाबद्दल मनात एक शेरा उमटतो, तो बहुतेक वेळा वाईटच असतो आणि त्याचा तुम्हाला शीण येऊ लागला आहे. ‘माणसांना आहे तसे स्वीकारावे हे पटते, पण मग चुकीच्या वागण्याला संमती दिल्यासारखे होणार नाही का?’ असे तुम्ही विचारले आहे.

मी पुण्यात समुपदेशनाचे काम करते आणि हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्यासमोर सतत येतो. तो विचारणारी माणसे बहुधा जबाबदारीने वागणारी, शब्द पाळणारी असतात. इतरांनीही तसेच वागावे अशी त्यांची अपेक्षा असते आणि ती अपेक्षा चुकीची नसते. म्हणूनच ‘कोणाबद्दल मत बनवू नका’ हा सरधोपट सल्ला त्यांना लागू पडत नाही, आणि मी तो तुम्हालाही देणार नाही. मत न बनवता जगताच येत नाही. घराची किल्ली कोणाकडे ठेवावी, वडिलांजवळ कोणाला बसवून बाहेर जावे, कोणत्या सहकाऱ्यावर सहलीची जबाबदारी टाकावी, हे ठरवताना माणसांच्या वागण्याचे मोजमाप करावेच लागते. तुमची अडचण मोजमाप करण्यात नाही. ते जिथे थांबायला हवे तिथे थांबत नाही, ही अडचण आहे.

भावाबद्दलची तुमची तीन वाक्ये पाहा. ‘गेल्या दोन महिन्यांत तो एकदाही आला नाही.’ ‘तो स्वार्थी आहे.’ ‘अशा माणसाशी संबंध ठेवण्यात अर्थ नाही.’ तुमच्या मनात ही तिन्ही एका दमात येतात, त्यामुळे ती एकच गोष्ट सांगतात असे वाटते. प्रत्यक्षात पहिले वाक्य घडलेल्या गोष्टीबद्दल आहे आणि ते खरे की खोटे हे कोणीही तपासू शकेल. दुसरे वाक्य सबंध माणसाबद्दल आहे. ते तपासायचे तर त्याचे जन्मापासूनचे सगळे वागणे समोर ठेवावे लागेल. तिसरे वाक्य शिक्षा ठोठावते. पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर जाताना आपण फार मोठी उडी मारलेली असते, आणि ती इतकी सवयीची असते की मारल्याचे कळतसुद्धा नाही.

तुमच्या रोजच्या कामातले उदाहरण घ्या. उत्तरपत्रिका तपासताना तुम्ही तिसऱ्या प्रश्नाला पाचपैकी दोन गुण देता, चौथ्याला पाचपैकी पाच. दोन गुण देताना हात आखडत नाही, कारण उत्तर तेवढ्याच योग्यतेचे असते. पण तिसरा प्रश्न चुकला म्हणून त्या मुलीच्या कपाळावर ‘दोन’ असा शिक्का तुम्ही मारत नाही. तिचे चित्र, तिचे धावणे, धाकट्या भावंडाला सांभाळून शाळेत येणे, यांतले काहीही त्या उत्तरपत्रिकेत नसते आणि परीक्षक म्हणून तुम्हाला ते ठाऊक असते. शाळेत जी शिस्त तुम्ही सहज पाळता, ती घरी आणि नात्यात सुटते आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३ ते २००७) यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली, तिचा हा एक मुख्य आधार आहे. महाराष्ट्रात ही पद्धती रुजवण्याचे श्रेय कि. मो. फडके यांना जाते. मराठीतून ती शिकलेले आम्ही अनेक जण त्यांच्याच मांडणीवर वाढलो. एलिस यांचे म्हणणे असे की, माणसाच्या एखाद्या कृतीचे, गुणाचे किंवा सवयीचे मूल्यमापन करता येते आणि करावेही, परंतु सबंध माणसाला एकच किंमत लावण्याचे कोणतेही साधन अस्तित्वात नाही. माणूस असंख्य कृती करतो, त्यांतल्या काही चांगल्या, काही वाईट आणि बहुतेक दोन्हीही नसलेल्या असतात. शिवाय तो बदलत राहतो. त्यामुळे ‘भावाचे हे वागणे चुकीचे आहे’ हे विधान विवेकाला धरून आहे, तर ‘भाऊ वाईट माणूस आहे’ हे सिद्धच करता येत नाही. दुसऱ्याचा विनाअट स्वीकार म्हणजे एवढेच: कृती कितीही खटकली तरी त्या कृतीवरून माणसाची एकूण किंमत ठरवायची नाही.

ही उडी नेमकी कशामुळे मारली जाते, इकडे सल्ला देणाऱ्यांचे फारसे लक्ष जात नाही, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. तुमच्या लिहिण्यात ‘त्याने यायलाच पाहिजे होते’ हे वाक्य तीन ठिकाणी आहे. ‘त्याने यावे अशी माझी फार इच्छा आहे’ आणि ‘त्याने आलेच पाहिजे’ या दोन्हींत वरवर पाहता जोराचाच काय तो फरक दिसतो, पण त्यांतून निघणाऱ्या भावना वेगळ्या असतात. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटते, नाराजी येते, कधी चीडही येते. ती सहन होते आणि पुढे काय करायचे ते सुचू शकते. हट्ट मोडला तर मात्र मन एखादा नियम मोडल्यासारखे पेटते. नियम आला की तो मोडणारा अपराधी ठरतो आणि अपराधी ठरला की त्याच्याबद्दल तिरस्कार वाटणे आपल्याला न्याय्य वाटू लागते. म्हणून मी शेऱ्याशी झगडण्याआधी त्याच्यामागचा ‘पाहिजे’ शोधायला सांगते. पालकांनी वेळेवर आलेच पाहिजे, जावेने ओटा रात्रीच पुसला पाहिजे, नातेवाइकांनी साधेपणानेच लग्न केले पाहिजे: तुमच्या प्रत्येक शेऱ्याच्या मुळाशी असा एक हुकूम सापडेल.

यावर बहुतेक जण विचारतात, आणि तुम्हीही विचाराल, की वडिलांकडे लक्ष देणे हे मुलाचे कर्तव्य नाही का? माझे उत्तर असे आहे की, ते कर्तव्य आहे असे मीही मानते. पण कर्तव्य असणे आणि ते पार पाडले जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या गोष्टी पार पाडल्या जाण्यासाठी समोरच्याची इच्छा, सवय, परिस्थिती आणि धैर्य लागते, त्या आपल्या हुकमाने घडत नाहीत. तो येत नाही, याची कारणे आज त्याच्या आयुष्यात हजर आहेत. ती चांगली असोत वा वाईट, जोवर आहेत तोवर तो न येणेच घडत राहणार. स्वीकाराची सुरुवात इथून होते. ‘हे असे आहे, मला ते अजिबात आवडत नाही, तरीही ते असे आहे.’ या वाक्यात संमती कुठेही नाही, हे लक्षात घ्या.

आता त्या ‘कारणां’विषयी. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधायचे आणि स्वतःच्या वागण्याचे परिस्थितीत, ही माणसाची जुनी खोड आहे. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी १९६७ साली केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले होते. कोणती बाजू घ्यायची हे निबंध लिहिणाऱ्याला नेमून दिले होते, असे स्पष्ट सांगूनसुद्धा वाचणाऱ्यांना तेच त्याचे खरे मत असावे असे वाटत राहिले. ली रॉस यांनी पुढे १९७७ साली या प्रवृत्तीला मूलभूत आरोपणदोष अशा अर्थाचे नाव दिले. तुमच्या प्रकरणाला अधिक जवळचा प्रयोग जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा आहे. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षण घेणारे ४० विद्यार्थी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला निघाले होते आणि वाटेत एका दारापाशी एक माणूस खोकत, कण्हत पडलेला होता. ज्यांना अजिबात घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के, आणि ज्यांना ‘उशीर झाला आहे, लवकर जा’ असे सांगितले होते त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. त्यांच्यापैकी कित्येक जण तर वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परोपकारी वाटसरूच्या बायबलमधल्या कथेवरच बोलायला चालले होते. त्याने फारसा फरक पडला नाही. त्या विद्यार्थ्यांना कोणी निर्दय म्हटले असते तर ते चूक ठरले असते, आणि तरीही तो माणूस तिथेच पडून राहिला, हेही तितकेच खरे.

या दोन्ही गोष्टी एकदम मनात धरता येणे हे मला फार महत्त्वाचे वाटते. परिस्थिती समजून घेणे म्हणजे सबब मान्य करणे नव्हे. भावाची नोकरी कशी आहे, त्याच्या घरात काय चालले आहे, हे मला माहीत नाही. काही माणसे तर आजारी आईवडिलांना पाहणे सोसत नाही म्हणून लांब राहतात, आणि ते बोलून दाखवायची त्यांना लाज वाटते. असे मुलगे मी पुष्कळ पाहिले आहेत. तुमचा भाऊ तसाच असेल असे मी म्हणत नाही. तुम्हीही त्याच्या वतीने एखादी दयाळू गोष्ट रचू नका, कारण रचलेली गोष्ट खोटी ठरली की संताप दुप्पट होतो. त्याला विचारा. कसे विचारायचे, ते पुढे लिहिते.

त्याआधी तुमच्या यादीतली इतर माणसे बाजूला काढू. भावाच्या न येण्याने तुमच्यावर प्रत्यक्ष भार पडतो, त्यामुळे तिथे तक्रारीला जागा आहे. जावेच्या ओट्याने, नातेवाइकांच्या डेकोरेशनने किंवा एखाद्या पालकाच्या ‘पानी’, ‘आनी’ अशा बोलण्याने तुमचे काहीही बिघडत नाही. तिथे दुसऱ्याची चूक नसून फक्त तुमच्या घरच्या रीतीपासूनचा फरक आहे. आपल्याकडे वळण, संस्कार, शुद्ध भाषा या गोष्टी लहानपणी अशा तऱ्हेने शिकवल्या जातात की वेगळेपण दिसले की कमीपणाच दिसतो. जातीचे, गावाचे आणि पैशाचे जुने हिशेबही त्यात न कळत मिसळलेले असतात. अशा शेऱ्यांसाठी मोठा अभ्यास लागत नाही. ‘यात माझे किंवा कोणाचे नुकसान काय झाले?’ एवढा एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारला की त्यांतले बरेचसे शेरे टिकत नाहीत.

भावासारख्या माणसासाठी मात्र लिहूनच काम करावे लागते. एका निवृत्त गृहस्थांचे उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ते जावयावर संतापलेले होते. मी त्यांना कागद दिला आणि जावयाबद्दल लिहायला सांगितले. त्यांनी चार शब्द लिहिले: बेजबाबदार, उधळ्या, बोलघेवडा, उर्मट. मग मी दुसरा कागद दिला आणि सांगितले की आता विशेषण एकही नको, जे डोळ्यांनी पाहिले किंवा कानांनी ऐकले तेवढेच क्रियापदे वापरून आणि शक्य तिथे तारखेसह लिहा. या कागदाला बराच वेळ लागला. त्यांनी लिहिले की, दोन वर्षांत तीन नोकऱ्या बदलल्या. मार्च महिन्याचा घराचा हप्ता चुकला, तो मुलीने भरला. दिवाळीत माझ्यासमोर ‘तुम्हाला यातले कळत नाही’ असे म्हणाला. नातीला रोज शाळेत तोच सोडतो. मला गेल्या पावसाळ्यात ताप आला तेव्हा दोन रात्री दवाखान्यात तोच बसला होता. शेवटच्या ओळीपाशी त्यांचे पेन थांबले. ‘हे दोन मुद्दे या यादीत यायला नको होते,’ ते म्हणाले. यादी वागण्याची आहे, म्हणून सगळेच वागणे त्यात येणार, असे मी त्यांना सांगितले. त्यानंतर त्यांचा जावयावरचा राग नाहीसा झाला नाही. पण तो हप्त्याच्या आणि नोकरीच्या प्रश्नापुरता उरला, आणि हप्त्याबद्दल जावयाशी बोलता येते. ‘उधळ्या’ माणसाशी काय बोलणार?

तुम्ही हेच भावाबाबत करा. एका बाजूला विशेषणे, दुसऱ्या बाजूला घडलेल्या गोष्टी, आणि त्याच्या बाजूच्या गोष्टीही आठवतील तशा लिहा, मग त्या दोनच असोत किंवा एकही नसो. चांगले काही आठवलेच पाहिजे अशी सक्ती स्वतःवर करू नका. यादी खरी असावी, गोड असण्याची गरज नाही. यादी झाली की खाली तुमचा ‘पाहिजे’ लिहा आणि त्याच्यापुढे तेच वाक्य इच्छेच्या रूपात लिहून पाहा. ‘त्याने बाबांकडे यावे ही माझी तीव्र इच्छा आहे, तो येत नाही हे वाईट आहे आणि त्याचा मला त्रास होतो, पण मी म्हणते म्हणून तो येईलच असा नियम नाही, आणि तो आला नाही म्हणून तो पूर्णपणे टाकाऊ माणूस ठरत नाही.’ हे वाक्य पहिल्यांदा लिहिताना पोकळ वाटते, कारण बुद्धीला पटलेले मनात उतरायला सराव लागतो.

त्या सरावासाठी कल्पनेचा एक अभ्यास आहे, तो दिवसातून एकदा, पाचदहा मिनिटे करण्यासारखा आहे. डोळे मिटून नेहमीचा प्रसंग शक्य तितका स्पष्ट उभा करा: रात्रीचे जेवण आटोपलेले आहे, बाबांना कुशीवर वळवून तुम्ही नुकत्याच बसल्या आहात, फोन वाजतो आणि भाऊ म्हणतो, ‘ताई, या शनिवारीही जमणार नाही.’ जो संताप येईल तो येऊ द्या, दाबू नका. मग प्रसंग तोच ठेवून, त्याचे शब्द न बदलता, संतापाच्या जागी तीव्र नाराजी येईपर्यंत थांबा. ती आली की मनात कोणते वाक्य बदलले ते पाहा आणि वहीत टिपून ठेवा. बहुधा ‘हा असे वागूच कसा शकतो’च्या जागी ‘हा असे वागतो आहे, आता मी काय करू’ असे काहीतरी सापडेल. नाराजी शून्यावर आणण्याचा प्रयत्न करू नका. ज्या गोष्टीने खरोखर त्रास होतो तिच्याबद्दल काहीच न वाटणे हे स्वीकाराचे लक्षण नव्हे.

बोलायची वेळ नाराजीच्या पातळीवर आल्यावरच निवडा. ‘तुला बाबांची काही पडलेलीच नाही’ या वाक्याला भावाकडे एकच उत्तर असते, ते म्हणजे स्वतःचा बचाव. त्याऐवजी काही असे बोलता येईल: ‘अरे, मी थकले आहे आणि मला मदत लागणार आहे. दर महिन्यात दोन शनिवार-रविवार तू इथे येऊन बाबांचे पाहावेस असे मला वाटते. कोणते दोन जमतील ते सांग. येणे जमणारच नसेल तर त्यामागे काय अडचण आहे तेही मला सांग, मी ऐकून घेईन.’ ‘काही लागले तर सांग’ या त्याच्या वाक्यावर तुम्ही आजवर काय सांगितले, हे तुमच्या प्रश्नात कुठे आलेले नाही. कर्तबगार थोरल्या बहिणी पुष्कळदा सांगत नाहीत. न सांगता त्याने ओळखले पाहिजे, असे त्यांना वाटते. तुमचे तसे असेल तर हाही एक ‘पाहिजे’ यादीत घाला.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. मी वर जे लिहिले ते दुर्लक्ष, हलगर्जीपणा, स्वभावभेद यांना लागू आहे. समोरचा माणूस मारहाण करत असेल, पैसे किंवा मालमत्ता लुबाडत असेल, व्यसनापायी घर धोक्यात घालत असेल, तर आधी सुरक्षितता आणि कायदा, मनाचे काम त्यानंतर. तिथेही माणसाला संपूर्ण त्याज्य न ठरवता त्याच्याविरुद्ध ठाम पावले उचलता येतात, किंबहुना तिरस्कार कमी असेल तर पावले अधिक नेमकी पडतात. पण त्या स्थितीतल्या व्यक्तीला ‘स्वीकार करा’ एवढेच सांगणे बेजबाबदारपणाचे होईल. तुमच्याही बाबतीत हक्काचा मार्ग बंद नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ साली केलेल्या कायद्यानुसार, स्वतःचा निर्वाह करू न शकणारे वडील मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकतात. त्याच कायद्यातील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि अर्ज करणे त्यांना शक्य नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्तीही तो करू शकते. या कायद्याने ही जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवरही टाकलेली आहे. असे करावे असा माझा आग्रह नाही. बहुतेक घरांत त्याआधीच मार्ग निघतो. भावाचा स्वीकार आणि त्याच्याकडून वडिलांचा हक्क मागणे या गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे तुमच्या लक्षात यावे म्हणून ते लिहिले.

माफीचेही तसेच आहे. माफ करणे म्हणजे झाल्या गोष्टीचा हिशेब आपल्याकडून मिटवणे. ते करायचे की नाही, कधी करायचे, हा सर्वस्वी तुमचा निर्णय आहे आणि त्याची घाई कोणीही करू नये. स्वीकाराला ती अट नाही. भावाचे वागणे चुकीचे होते हे मत तुम्ही आयुष्यभर ठेवू शकता, ते त्याला सांगू शकता आणि तरीही तो माणूस म्हणून मोडीत काढण्याजोगा आहे, हा निष्कर्ष नाकारू शकता.

आणखी एक गोष्ट तुमच्या लिहिण्यातल्या वेळेवरून जाणवली. सगळ्यांबद्दल शेरे मारण्याची सवय वाढली ती वडिलांच्या आजारपणानंतर. शाळा, घर आणि रात्री दोनदोनदा उठणे असा दिनक्रम असलेल्या माणसाचे मन दुसऱ्यांना सवलत द्यायला तयार नसते, कारण त्याला स्वतःलाच कुठे सवलत मिळालेली नसते. म्हणून वहीत शेऱ्यांबरोबर आदल्या रात्री किती झोप झाली तेही लिहा. झोप कमी झालेल्या दिवशी शेरे वाढत असतील, आणि बहुधा वाढतातच, तर तुमच्या प्रश्नाचा निम्मा भाग मनोवृत्तीचा नसून मनुष्यबळाचा आहे. आठवड्यातून काही रात्री तरी माणूस ठेवणे, यजमानांशी पाळी वाटून घेणे, शाळेत परीक्षेच्या कामातून यंदापुरती सूट मागणे, हे सारे उपचाराइतकेच महत्त्वाचे आहे. भाऊ येऊ शकत नसेल, तर रात्रीच्या माणसाचा खर्च त्याने उचलावा, ही मागणी पूर्णपणे योग्य आहे.

दुसऱ्यांना कडक गुण देणारी माणसे स्वतःलाही तेच गुण देत असतात. बाबांवर एखाद्या दिवशी ओरडलात तर त्या रात्री तुम्ही स्वतःला काय म्हणता ते आठवा. ‘मी आज ओरडले, ते चुकले, उद्या औषधाची वेळ बदलून पाहते’ असे म्हणता, की ‘मी वाईट मुलगी आहे’ असे म्हणता? दुसरे असेल तर उडी तीच आहे, दिशा फक्त स्वतःकडे आहे. स्वतःच्या कृतीला आणि स्वतःला वेगळे ठेवण्याचा सराव आधी केला तर भावाच्या बाबतीत तो पुष्कळ सोपा जातो, असे मी वारंवार पाहिले आहे. म्हणून वहीची सुरुवात स्वतःबद्दलच्या शेऱ्यांपासून केलीत तरी चालेल.

हे सगळे करूनही भाऊ आला नाही तर काय, असे तुमच्या मनात येईल. शक्य आहे. स्वीकार हा त्याला बदलण्याचा उपाय नाही, आणि ‘मी इतकी समजूतदार झाले, तरी हा तसाच’ असे वाटू लागले तर समजा की जुना हट्ट नव्या रूपात परत आला आहे. तो येत नाही हे पक्के धरून मग ठरवा: वडिलांसाठी तुम्ही कुठवर करू शकता, कुठून पुढे विकतची मदत घ्यावी लागेल, खर्चाचा कोणता वाटा त्याच्याकडे लेखी मागायचा, आणि त्याच्याशी नाते कितपत ठेवायचे. नाते कमी करण्याचा निर्णयही योग्य असू शकतो. तो शिक्षा म्हणून घेतला आहे की स्वतःची शक्ती राखण्यासाठी, एवढे फक्त पाहा.

या सरावात प्रगती कशी ओळखायची, हे सांगून थांबते, कारण चुकीच्या ठिकाणी पाहिल्यामुळे लोक तो अर्ध्यावर सोडतात. भावना तीन प्रकारे मोजता येते: ती किती वेळा येते, किती जोराने येते आणि किती वेळ टिकते. माझ्या अनुभवात सर्वांत आधी टिकण्याचा वेळ कमी होतो. भावाचा फोन झाल्यावर जो संताप झोपेपर्यंत पुरत असे, तो ओटा आवरून होईपर्यंत ओसरतो. त्यानंतर जोर उतरतो. शेरे मनात येण्याचे प्रमाण सर्वांत शेवटी आणि काहींच्या बाबतीत थोडेच घटते, कारण ती वर्षानुवर्षांची सवय असते. म्हणून पहिल्या दोनतीन महिन्यांत शेरे तितकेच येत राहिले तरी सराव वाया गेला असे समजू नका. वहीत प्रत्येक वेळी फक्त फोन ठेवल्याची आणि मन शांत झाल्याची वेळ लिहा. एवढे करूनही दोन वेळांमधले अंतर घटत नसेल, किंवा झोप, भूक आणि शाळेतले काम यांवर परिणाम होऊ लागला असेल, तर साताऱ्यातच एखाद्या प्रशिक्षित समुपदेशकाला प्रत्यक्ष भेटा आणि जाताना ती वही बरोबर न्या.